दोनशे एकवीस फूट

दक्षिणेकडून ब्रोडेकला येणारा रस्ता चोवीस मैल एकदाही वळत नाही. दोन्ही बाजूंना मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका आणि मधोमध पट्टीने आखल्यासारखा खडीचा रस्ता. गाव हाकेच्या अंतरावर आलं की मात्र तो काही कारण नसताना डावीकडे काटकोनात वळतो, थोडासा पश्चिमेला जातो आणि पुन्हा उजवीकडे वळून उत्तरेची वाट धरतो. तिथे ना ओढा आहे, ना टेकडी. नेब्रास्काच्या त्या भागात उंच काही दाखवायचं झालं तर धान्याच्या कोठाराकडेच बोट करावं लागतं.

या वळणाला गावात 'खांदा' म्हणत. कुठल्या हिवाळ्यात कोणाची गाडी खांद्यावरून घसरून चरात गेली, हे सगळ्यांना पाठ होतं. खांदा मुळात आहे कशासाठी, हे मात्र कोणी विचारत नसे. चुकून कोणी विचारलंच, तर लुमिर पेट्स्का तयारच असायचा.

"सर्व्हे करणारा गडी सरळ चालला होता. वाटेत माझ्या पणजोबांचा गुत्ता लागला. बाहेर आला तेव्हा त्याला उत्तर सापडेना."

लुमिर गावमंडळाचा अध्यक्ष होता, अग्निशमन दलाचा प्रमुख होता आणि व्लास्टा कुडर्नाचा पहिलीपासूनचा वर्गमित्र होता.

"सर्व्हे झाला १८६९ साली," व्लास्टा म्हणायची. "तुमचा गुत्ता उघडला १८८६ साली, गाव वसलं तेव्हा."

"मग सतरा वर्षं दार उघडायची वाट बघत बसला असेल बिचारा."

सगळे हसायचे, व्लास्टाही हसायची आणि विषय तिथेच संपायचा. व्लास्टाने एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर गेली बारा वर्षं ती गावची क्लार्क होती. आता बहात्तराव्या वर्षी, एका विनोदावर आपण जन्मभर समाधान मानलं, याची तिला लाज वाटायची वेळ येणार होती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जनगणनेच्या कार्यालयातून एक मोठा लिफाफा आला. पुढच्या वर्षी गणती होती. त्याआधी प्रत्येक गावाने आपल्या हद्दीचा नकाशा तपासून द्यायचा होता. खाली दोन चौकटी होत्या: रेषा बरोबर आहे, किंवा रेषा चूक आहे, बरोबर रेषा काढून पुरावा जोडा. मुदत महिनाअखेर.

अग्निशमन बंबाच्या शेडला लागून असलेल्या एका खोलीत क्लार्कचं कार्यालय होतं. व्लास्टाने टेबलावरची कोलाचेची, गोड सारण भरलेल्या पावांची, बशी बाजूला सारली, नकाशा पसरला आणि बरोबरच्या चौकटीवर पेन नेलं. मग तिचा हात थांबला.

पूर्वेची हद्द घरांच्या मागच्या कुंपणावरून जायला हवी होती. नकाशात ती रस्त्यावरून जात होती. रस्त्याच्या पूर्वेला एकाच रांगेत पाच घरं होती. ती पाचही घरं रेषेच्या बाहेर पडली होती आणि त्यातलं मधलं घर व्लास्टाचं होतं.

तिने पोलादी पट्टी काढून पश्चिमेची बाजू तपासली. तिथे रेषा तेवढीच पुढे सरकली होती आणि स्मशानभूमीचा एक पट्टा गावात आला होता. म्हणजे गाव लहान झालं नव्हतं. अख्खं गाव उचलून कोणीतरी पश्चिमेला सरकवून ठेवल्यासारखं झालं होतं.

क्लार्क गावाच्या हद्दीत राहणाराच असावा, हा नियम तिला शोधावा लागला नाही. गेल्याच वर्षी जुनी नियमावली संगणकावर उतरवताना तिने तो स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता. कलम सात.

दुपारी ती जॉयसच्या कॅफेत गेली. तिथल्या मागच्या भिंतीवर खुंट्यांच्या ओळी होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक मग. गावातल्या प्रत्येक माणसाचा एक मग. तान्ह्या बाळाचासुद्धा, त्यात पुढची काही वर्षं कॉफी पडणार नसली तरी. माणूस गेला की त्याचा मग घरच्यांच्या हवाली करायचा आणि खुंटी रिकामी करायची. गावात किती माणसं आहेत हे बघायला कोणी वेशीवरची पाटी वाचत नसे, भिंत मोजत असे. त्या दिवशी भिंतीवर एकशे चार होते. हद्दीबाहेरच्या शेतकऱ्यांना मात्र काउंटरवरचे पांढरे मग. हा नियम जॉयसच्या आजीने खुंट्या कमी पडल्या तेव्हा केला होता आणि तो कोणासाठीही मोडला गेला नव्हता. हार्लन व्हॉसचं घर व्लास्टाच्या मागच्या कुंपणापासून ऐंशी फुटांवर होतं. तो चाळीस वर्षं पांढऱ्या मगातून कॉफी पीत होता आणि चाळीस वर्षं त्याबद्दल कुरकुरत होता.

व्लास्टाने नकाशा टेबलावर ठेवला. हार्लनने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं.

"जॉयस, बाईंना पांढरा मग दे गं!"

"गप बस," जॉयस म्हणाली. ती व्लास्टाची जुनी विद्यार्थिनी. "बाई, खरंच बाहेर दाखवलंय?"

"मला, डुएनला, स्टारोस्टांना. पाच घरं, अकरा माणसं."

"आणि आत कोण आलं?" लुमिरने विचारलं.

"स्मशानाचा पुढचा भाग. माझा लाडा आत आलाय." व्लास्टाचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. "मेल्यावर गावातली जागा मिळाली त्याला."

"हे बघ, व्लास्टा." लुमिर पुढे वाकला. "दुसऱ्या चौकटीवर खूण कर, जुनी रेषा पेन्सिलने काढ, मी सही करतो. विषय मिटला."

"पुरावा जोडायचाय. गावाच्या स्थापनेचा कागद जोडीन म्हणतेय."

"मग जोड की. अडतंय कुठे?"

अडत असं काही नव्हतं. तिने तिजोरीतून १८८६ चा कागद काढला. त्यात लिहिलं होतं की गावाची मोजणी चौतीस आणि पस्तीस क्रमांकाच्या मैलचौकोनांमधल्या 'स्टँडर्ड कोपऱ्या'च्या दगडापासून सुरू होते, तिथून अर्धा मैल उत्तरेला आणि अर्धा मैल पश्चिमेला. अर्धा मैल म्हणजे काय ते तिला कळत होतं. स्टँडर्ड कोपरा म्हणजे काय ते कळेना. दुसऱ्या कुठल्या प्रकारचा कोपरा असतो की काय?

संध्याकाळी ती परसात टोमॅटोची रोपं लावत होती. लावता लावता तिने कुंपणाला टेकून सहज दक्षिणेकडे पाहिलं. कुंपणाचे खांब एकामागे एक लपत गेले होते आणि शेवटच्या खांबाच्या पलीकडे, अगदी त्याच ओळीत, दक्षिणेचा रस्ता क्षितिजापर्यंत गेला होता. तिने एक डोळा मिटून पुन्हा पाहिलं. कुंपण आणि रस्ता ही एकच रेषा होती. बहात्तर वर्षं याच परसात वाळत घातलेले कपडे काढताना तिने तो रस्ता पाहिला होता, पण खांबांवरून नजर टाकून कधी पाहिला नव्हता.

हातची माती तशीच ठेवून ती लुमिरच्या दारात गेली.

"मला बंबाचे होस पाइप हवेत."

"आग कुठे लागलीय?"

"कुठेच नाही. मोजायचंय. तुमचा एक होस बरोबर पन्नास फुटांचा असतो ना?"

लुमिरने बायकोकडे पाहिलं. बायकोने खांदे उडवले. दहा मिनिटांनी तो आणि व्लास्टा रस्त्याच्या खांद्यावर होस अंथरत होते, एकाचं टोक दुसऱ्याला भिडवत. चार होस पूर्ण झाले आणि उरलेलं अंतर टेपने एकवीस फूट भरलं.

"दोनशे एकवीस," व्लास्टा म्हणाली. "आणि नकाशावर माझ्या कुंपणापासून रस्त्यापर्यंत किती?"

"किती?"

"दोनशे वीसच्या आसपास. पट्टीने इतकंच कळतं." तिने टेप गुंडाळली. "लुमिर, तुझ्या पणजोबांनी त्याला काही पाजलं नव्हतं रे."

दुसऱ्या दिवशी तिने जिल्ह्याच्या सर्व्हेअरला, बॉबी आल्ड्रुपला, फोन लावला. बॉबी तिच्या १९८७ च्या बॅचची. व्लास्टाने सगळं सांगितलं: कुंपण, होस, कागदावरचा स्टँडर्ड कोपरा. पलीकडून हसू ऐकू आलं.

"बाई, संत्रं."

"काय?"

"दर ऑक्टोबरात तुम्ही वर्गात संत्रं सोलायचात. फोडी मध्यावर जाड आणि टोकाला निमुळत्या. उत्तर-दक्षिण रेषाही तशाच, ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात. आता अशा फोडीवर मैल-मैलाचे चौकोन आखत उत्तरेला निघालं तर काय होईल?"

"वरचे चौकोन अरुंद होत जातील."

"म्हणून सरकारने ठरवलं, दर चोवीस मैलांवर थांबायचं आणि पुन्हा पूर्ण मैल मोजून नव्याने सुरुवात करायची. नव्या रेषा जिथून निघतात तो स्टँडर्ड कोपरा. खालच्या जुन्या रेषा येऊन थांबतात तो क्लोजिंग कोपरा. दोन्हीकडे वेगळा दगड. रस्ते रेषांवरून बांधलेत, त्यामुळे तिथे पोचले की एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जातात. जिथून मोजणी सुरू झाली, त्या उत्तर-दक्षिण रेषेपासून ब्रोडेक पश्चिमेला आठ मैलांवर आहे. तिथे फरक यायला हवा..." कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला. "दोनशे एकवीस फूट."

"म्हणजे आमचा खांदा..."

"म्हणजे पृथ्वी गोल आहे, बाई."

शाळेची बस रोज दोनदा खांद्यावरून जायची. त्याच बसमधून उतरलेल्या मुलांना व्लास्टाने एकतीस वर्षं दर ऑक्टोबरात पृथ्वीच्या गोलाईचा पुरावा म्हणून समुद्रातल्या जहाजाची शिडं दाखवली होती. समुद्र तिथून हजार मैलांवर होता.

"गाव वसवणाऱ्यांनी मग चुकीचा दगड धरला," ती म्हणाली.

"तसं दिसतंय. दक्षिणेकडून आले, रस्त्याच्या टोकाला दगड दिसला, तिथूनच मोजलं. दुसराही असेल हे कोणाच्या मनात येणार? पण बाई, दिसतंय म्हणजे आहे असं नाही. त्या काळी पथकं दगडांची अदलाबदलही करत. कायदा सोपा आहे: दगड जिथे रोवलाय तिथेच कोपरा, मोजणी काही का सांगेना. पूर्वेच्या त्या दगडावर एस.सी. कोरलेलं निघालं तर तोच स्टँडर्ड. गाव बरोबर, नकाशा चूक. सी.सी. निघालं तर..."

"तर मी बाहेर."

"खणून बघावं लागेल."

शनिवारी सकाळी बॉबी आली. दक्षिणेचा रस्ता जिथे आडव्या रस्त्याला मिळतो तिथे तिने नारिंगी शंकू मांडले आणि खडीत फावडं घातलं. तोवर गावात बातमी फिरली होती. घडीच्या खुर्च्या आल्या. जॉयसने खसखशीच्या कोलाचेचा ट्रे आणि थर्मास आणला. हार्लन ट्रॅक्टरवरूनच बघत होता.

"एस वर कोण?" लुमिरने आरोळी दिली. दोन सोडून सगळे हात वर गेले.

"सी वर?"

हार्लनचा हात आणि व्लास्टाचा.

"अगं, तू काय स्वतःच्याच विरुद्ध?"

"मी कोणाच्या विरुद्ध नाही. मला तसं वाटतंय, एवढंच."

फावडं अडीच फुटांवर खणकन वाजलं. बॉबी गुडघ्यांवर बसली आणि हातांनी माती काढू लागली. चुनखडीचा पिवळट दगड, पावाच्या मोठ्या लादीएवढा. तिने बाटलीतलं पाणी ओतलं आणि ब्रश फिरवला. आधी उजवीकडचं अक्षर दिसलं.

"सी," ती म्हणाली.

खुर्च्या करकरल्या.

"ते दोन्हीत सारखंच असतं. डावीकडचं बघू."

डाव्या अक्षराच्या खाचेत माती दगडासारखी घट्ट झाली होती. बॉबीने खिशातून लाकडी काडी काढून व्लास्टाच्या हातात दिली. "तुम्ही काढा, बाई."

व्लास्टा खड्ड्याच्या कडेला बसली. खाच वरून सुरू झाली आणि डावीकडे वळली. इथपर्यंत एसही तसाच वळतो. तिने काडी पुढे सरकवली. आता मधोमध उजवीकडे वळायला हवी. खाच वळली नाही. ती गोलाई धरून थेट खालपर्यंत गेली. व्लास्टाने पुन्हा पाणी ओतलं, अंगठा फिरवला, डोळे मिटून एकदा बोटानेही वाचलं. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी इथे गुडघ्यांवर बसून, छिन्नी-हातोडीने, अगदी व्यवस्थित काम केलं होतं.

"सी.सी.," ती म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं ते दुःख नव्हतं. लुमिरला ते लगेच कळलं आणि तो चिडला.

"आनंद कसला होतोय तुला?"

"बरोबर जागी आहे रे! इथे असायला हवा होता आणि इथेच आहे!"

"आणि तू? तू कुठे आहेस आता?"

हार्लन ट्रॅक्टरवरून उतरून टोपी हातात धरून उभा होता.

बॉबीने हात पुसले. "आज शनिवार आहे, अंगात माझे घरचे कपडे आहेत. बाईंनी क्लार्क म्हणून लेखी मागणी केली तर मी या दगडाची नोंद जिल्ह्यात करीन. नाही केली, तर मी इथे कोलाचे खायला आले होते."

"ऐकलंस ना?" लुमिरने आवाज खाली आणला. "माती लोट. एकशे तेहेतीस वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही. तुझ्याशिवाय त्या खोलीत बसणार कोण? मी? मला ते कपाट उघडता येत नाही."

"कपाटाची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची."

"व्लास्टा!"

"लुमिर, सातवीत पाणी उकळायचा प्रयोग होता, आठवतो? सगळ्यांचं अठ्ठ्याण्णव अंशांना उकळलं, म्हणून तूही अठ्ठ्याण्णव लिहिलंस. तुझ्या भांड्याखालचा दिवा पेटलेलाच नव्हता."

"साठ वर्षं झाली त्याला!"

"शाळेत पुढे दर वर्षी मुलांना सांगत आले मी ते. नाव न घेता."

"सगळ्यांना माहितेय कोण ते," जॉयस म्हणाली आणि पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

लुमिर खुर्चीत बसला. मग म्हणाला, "पाच घरांनी अर्ज केला तर मंडळ तुम्हाला आत घेऊ शकतं. तीन बैठकांत ठराव तीनदा वाचायचा. सप्टेंबर उजाडेल."

"तीन घरांचा होकार पुरतो," व्लास्टा म्हणाली. तिने ते आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं.

"मला विचाराल तर बाहेर बरं आहे," डुएन मागून म्हणाला. "कर कमी."

"तुला कोणी विचारलं नाही, डुएन," जॉयस म्हणाली.

सोमवारी सकाळी व्लास्टाने बॉबीच्या नावे मागणीचं पत्र लिहिलं. मग जनगणनेचा नकाशा पुढे ओढून पहिल्या चौकटीवर खूण केली: रेषा बरोबर आहे. सही केली. खाली हुद्दा लिहायची जागा होती. 'क्लार्क, ब्रोडेक' असं तिने नेहमीपेक्षा सावकाश लिहिलं, कारण लिफाफा टपालात पडला की ते खरं राहणार नव्हतं. कलम सातचा आधार देऊन तीन ओळींचा राजीनामा टाइप केला. कपाटाच्या कडीवर चिठ्ठी चिकटवली: आधी वर, मग ओढा.

कॅफेत शिरली तेव्हा जॉयस पाठमोरी होती. व्लास्टा सरळ भिंतीशी गेली आणि चौथ्या ओळीतला निळी किनार असलेला आपला मग काढला. नंतर डुएनचा, स्टारोस्टांचे चार, उरलेल्या दोन घरांचे पाच, असे अकरा. जॉयस वळून बघत राहिली, पण आडवी आली नाही. नियम तिच्या आजीचा होता. भिंतीवर त्र्याण्णव उरले.

"खोक्यात भरून वर ठेव," व्लास्टा म्हणाली. "फुटायला नकोत. सप्टेंबरात लागतील, नाहीतर नाही लागणार."

"बाई, तुमचा तरी राहू द्या."

"तिथे ठेवला तर भिंत चुकेल."

काउंटरवर हार्लन बसला होता. त्याने शेजारचं स्टूल पायाने मागे सारलं, एक पांढरा मग उचलून तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः कॉफी ओतली.

"कान बारीक असतो याचा," तो म्हणाला. "दोन बोटंच जातात. तर्जनी खाली टेकवायची, म्हणजे चटका बसत नाही."

"असं?"

"असं."

लुमिर आला, भिंतीकडे पाहून मान हलवली आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बसला. बराच वेळ तो कॉफी ढवळत राहिला. तो ती बिनसाखरेची पीत असे.

"एक विचारू?" व्लास्टा म्हणाली.

"आता काय राहिलंय?"

"इथून चोवीस मैल दक्षिणेला अशीच दुसरी रेषा आहे. तिथेही खांदा असणार. पण तो थोडा खाली आहे, तिथे फोडी इतक्या भराभर निमुळत्या होत नाहीत. माझ्या हिशेबाने तो आपल्यापेक्षा तीन फुटांनी कमी भरायला हवा. दोनशे अठरा. काल झोपताना हिशेब केला, पण प्रत्यक्ष कोणी मोजलाय का, कोण जाणे."

लुमिरने चमचा खाली ठेवला.

"तर बंबाचे होस मिळतील का?" तिने विचारलं. "गावाबाहेरच्या माणसाला?"

"गावाबाहेरच्या माणसाला लेखी अर्ज करावा लागतो," लुमिर म्हणाला. "क्लार्ककडे."

"क्लार्क नाही सध्या."

"मग अवघड आहे." तो उठला, टोपी घातली आणि दाराकडे निघाला. दाराशी थांबून त्याने गाडीच्या किल्ल्या वाजवल्या. "येतेस का? होस जड असतात, तुला एकटीला उचलणार नाहीत."

हार्लनने आपला पांढरा मग घाईघाईने रिकामा केला. "थांबा, मीपण येतो. टेप माझी घ्या, शंभर फुटी आहे."